जमा, नावे आणि कंट्रोल-झेड

कर्वेनगरातल्या एका लहान पतसंस्थेची कर्जखाती एक्सेलमधून सॉफ्टवेअरवर चढवण्याचं काम चालू आहे. संस्था पगारदार नोकरांची. जागा एका इमारतीच्या तळमजल्यावर, शेजारी झेरॉक्सचं दुकान, वरच्या मजल्यांवर कॉलेजच्या मुलींची पीजी. मी संस्थेचा कुणी नाही. उमेदीची वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेली म्हणून सचिव नाना म्हणाले, ‘जरा येऊन बसा आमच्यात’, आणि मी येऊन बसतो. त्या बसण्यातली ही टिपणं. क्रम लावलेला नाही.

*

शीटची रचना अशी: एक सभासद म्हणजे एक ओळ, एक महिना म्हणजे एक रकाना. पहिल्या वर्षी हे फार सुटसुटीत दिसतं. मग वर्षं सरतात, शीट उजवीकडे वाढत जातं आणि चालू महिना गाठायला बाणाचं बटण दाबून धरावं लागतं. नियमित कर्ज फिटायच्या आत कुणी आकस्मिक कर्ज उचललं की त्याची दुसरी ओळ, खाली कुठेतरी. तिथे नाव जरा वेगळं. वर ‘शिंदे एस. एम.’, खाली नुसतं ‘शिंदे (लॅब)’. आणि संस्थेत एस. एम. शिंदे दोन आहेत. ताईंना (संस्थेचं कार्यालय म्हणजे ताई) कोणता शिंदे कोणता ते आवाजावरूनही कळतं. सॉफ्टवेअर सभासद क्रमांक मागतं.

फाइलींची नावं: ‘कर्ज मार्च फायनल’, ‘कर्ज मार्च फायनल नवीन’, ‘कर्ज मार्च फायनल ताई’. ऑडिटरला यातली कुठली दिली होती? तिसरी. बहुतेक.

*

सॉफ्टवेअर सुरुवातीला काही करत नाही, नुसतं विचारतं. व्याज रोजच्या बाकीवर की महिन्याच्या? वर्ष 365 दिवसांचं की 360? हप्ता अर्धाच आला तर त्यातून आधी काय वळतं करायचं? हप्त्याची तारीख रविवारी आली तर?

संचालक मंडळात हे प्रश्न वाचून दाखवल्यावर तीन संचालकांकडून तीन उत्तरं आली. मग पोटनियम काढले. त्यांत दर होता, पद्धत नव्हती. पद्धत शीटमध्ये होती, पण ती मंडळाने कधी ठरवल्याचं इतिवृत्तात सापडेना. फार पूर्वी कुणा हौशी हिशेबनिसाने पहिल्या चौकटीत एक सूत्र लिहिलं. तो निवृत्त झाला, आणि त्याचं सूत्र पुढच्या लोकांनी खाली ओढत ओढत आजवर आणलं. म्हणजे इतकी वर्षं संस्थेचं कर्जधोरण त्या एका चौकटीत होतं.

*

आकड्यात. लाख रुपये कर्ज, 12 टक्के दर. महिन्याच्या हिशेबाने पहिल्या महिन्याचं व्याज हजार रुपये, महिना कुठलाही असो. दिवसांच्या हिशेबाने जानेवारीचं 1,019 रुपये 18 पैसे आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीचं 920 रुपये 55 पैसे. बाकी तीच राहिली तर वर्षाअखेर दोन्ही वाटा बारा हजारांवर येतात. मात्र 2024 सारख्या लीप वर्षात भाजक 365 च ठेवला तर 32 रुपये 88 पैसे जास्त. रक्कम चहापाण्याची. पण सभासद दोन महिन्यांची व्याजं शेजारी ठेवून ‘हे असं का?’ विचारतो तेव्हा त्याला सांगता आलं पाहिजे. ‘शीटमध्ये तसंच येतं’ हे सांगणं झालं नाही.

हप्ता पूर्ण रुपयांत घेतला की शेवटी काहीतरी उरतंच. हेच लाख रुपये बारा महिन्यांत फेडायचे तर हप्ता 8,884 रुपये 88 पैसे. आपण 8,885 घेतो, म्हणून शेवटचा हप्ता दीड रुपयाने कमी निघतो. शीटमध्ये तो दीड रुपया कधी उणे बाकी म्हणून लोंबत राहिला, कधी कुणीतरी शून्य टाइप करून पुसला. सॉफ्टवेअर शेवटचा हप्ताच वेगळा छापतं. ताईंना संपूर्ण बदलात आवडलेली ही पहिली गोष्ट.

*

अर्ध्या हप्त्याचा प्रश्न साधा नाही, त्यावर थोडं थांबतो.

पैसे आधी मुद्दलात वळते केले तर कर्जदाराचा फायदा: व्याज मागे राहतं, पण त्यावर व्याज चढत नाही. आधी व्याज आणि मग मुद्दल, ही बँकांची रूढ रीत. आधी दंड, मग व्याज, मग मुद्दल अशी ओळ लावली तर ओढाताणीत असलेला माणूस वर्षभर काही ना काही भरत राहतो आणि मुद्दल जागचं हलत नाही. तिन्ही पद्धती गणिताने बरोबर आहेत. कुठली घ्यायची हे गणित सांगत नाही.

आमच्या शीटने कुठली घेतली होती? चौथीच. त्यात ‘एकूण बाकी’ असा एक रकाना होता. मुद्दल, थकलेलं व्याज आणि दंडव्याज यांची बेरीज तिथे येई आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्या बेरजेवर लागे. म्हणजे दंडावर व्याज आणि व्याजावर व्याज. कुणी लबाडीने केलेलं नाही. बेरजेचा रकाना हाताशी होता, म्हणून सूत्राने तो उचलला. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात बँका आणि वित्तसंस्थांना नेमकं हेच बजावलं: हप्ता चुकल्याचा दंड हा आकार म्हणून वेगळा घ्या, व्याजदरात मिसळू नका आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावू नका. नव्या कर्जांना ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं. पतसंस्थांना ते परिपत्रक थेट लागू नाही. नानांनी तरी ते मंडळापुढे ठेवलं, आणि यापुढे दंड वेगळ्या खात्यात जाईल असा ठराव झाला. जुन्या खात्यांचं काय, यावर चर्चा लांबली.

*

सरळ दर आणि घटत्या बाकीवरचा दर यांतला फरक अजूनही निम्म्या जगाला कळत नाही, आणि उधारीवर वस्तू विकणाऱ्यांना तो लोकांना कळायला नको असतो. बारा टक्के सरळ दराने लाख रुपये वर्षभरात फेडायचे तर हप्ता 9,333. घटत्या बाकीच्या भाषेत तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

*

स्प्रेडशीट जन्मलं कशासाठी, हे इथे आठवण्याजोगं आहे. डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे. त्यातला एक आकडा बदलला की खालचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. एक बदलला की बाकीचे आपोआप बदलतील असा फळा हवा, हे त्याच्या डोक्यात आलं. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने व्हिजीकॅल्क केलं आणि 1979 मध्ये ते अ‍ॅपल-टूवर चालू लागलं. 1983 मध्ये लोटस 1-2-3 आलं, 1985 मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल.

म्हणजे हे हत्यार ‘असं केलं तर काय होईल?’ यासाठी घडवलेलं आहे. दर अर्ध्या टक्क्याने उतरवला तर हप्ता किती, मुदत पाच वर्षांची सात केली तर किती. तिथे एक्सेलला तोड नाही. कर्जाच्या खात्यात मात्र ‘काय झालं’ ते लिहायचं असतं. तिथे एक आकडा बदलल्यावर मागचे सगळे आपोआप बदलणं हा गुण राहत नाही. दर 11 चा 10 झाला म्हणून ताईंनी वरच्या कोपऱ्यातला आकडा बदलला, तेव्हा मागच्या तीन वर्षांचं व्याजही 10 टक्क्यांनी झालं. छापलेल्या जुन्या पावत्या हाती होत्या म्हणून निदान कळलं.

*

जुनी माणसं किर्द-खतावणी लिहायची तेव्हाचे नियम: पानांना क्रमांक आधीच घातलेले. पान फाडायचं नाही. खाडाखोड नाही; चुकलं तर आकडा वाचता येईल अशी एकच रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. रक्कम दुसऱ्याच खात्यात पडली असेल तर ती खोडायची नाही, उलट नोंद करून परत आणायची. जमा आणि नावे, दोन्हीकडे खूण राहते.

नवं सॉफ्टवेअर हेच मागतं. दिवस एकदा बंद केला की त्यातली नोंद हलत नाही. चूक झाली तर उलट नोंद, मग खरी नोंद, आणि कोणी, किती वाजता, कुठल्या कारणाने केली ते खाली. ताई वैतागल्या. ‘एक आकडा चुकला तर दोन व्हाउचरं? एक्सेलला कंट्रोल-झेड मारलं की झालं!’ नाना, ज्यांनी नोकरीची पहिली वर्षं लाल बासनातल्या वह्यांत काढली, ते हसले. त्यांना हे नवीन वाटतच नाही. मलाही असंच वाटत चाललंय की वही, मग एक्सेल, मग सॉफ्टवेअर ही पुढे जाणारी सरळ रेघ नाहीच. वहीची शिस्त मधल्या पंचवीसेक वर्षांत एक्सेलने सैल केली आणि सॉफ्टवेअर ती परत घालतंय. आम्ही त्याला आधुनिकीकरण म्हणून अहवालात लिहिणार आहोत.

*

31 मार्च. शीट असतं तेव्हा 3 एप्रिलला आलेला हप्ता 31 मार्चच्या रकान्यात बसतो. कुणाचंच वाईट होत नाही, थकबाकीचं प्रमाण खाली येतं, ऑडिट वर्ग ‘अ’ टिकतो. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. बँकांत हा प्रकार इतका मुरला होता की 14 सप्टेंबर 2020 रोजी रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं: थकीत खात्यांचं वर्गीकरण माणसाच्या हाताने करायचं नाही, प्रणालीनेच करायचं, आणि कुणी हाताने बदल केला तर त्याची नोंद राहिली पाहिजे. नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की खातं थकीत ठरतं ते त्या त्या दिवसाच्या अखेरीच्या प्रक्रियेत. महिनाअखेरीची किंवा तिमाहीअखेरीची वाट बघायची नाही.

एक संचालक खासगीत मला म्हणाले, ‘म्हणजे यंदा आपला एनपीए खरा दिसणार.’ चेहऱ्यावर काळजी होती.

*

पुणे जिल्ह्याला कर्जाच्या वह्यांचा इतिहास आहे. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात बाजारासाठी जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. मागणी एकच: खतं आणि रोखे बाहेर काढा. मिळाले ते जाळले. लोण पुढे पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत पसरलं. माणसांना मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर लोकांचा रोख होता, हे चौकशी आयोगालाही जाणवलं. कारण काय भरलं, काय राहिलं याची नोंद फक्त सावकाराकडे. कर्जदाराच्या हाती काहीच नाही. अंगठा उठवला ते कशावर, तेही ठाऊक नाही.

त्यानंतर 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यात कर्जदाराच्या बाजूने काही साध्या तरतुदी होत्या: पैसे भरल्यावर लेखी पावती, वर्षाला खात्याचा उतारा, मागितलं तर पासबुक. आज हप्ता जमा झाल्यावर सभासदाच्या मोबाइलवर ‘बाकी अमुक’ असा संदेश जातो, तो याच कुळातला. सॉफ्टवेअर घेताना विक्रेता वीस सुविधा दाखवतो. मला विचाराल तर पहिली किंमत या एका सुविधेची: संस्थेचं आणि सभासदाचं पान एकच असणं. शीट सभासदाला कधीच दिसलं नव्हतं. दाखवायचं म्हटलं तरी बाकीच्यांच्या ओळी झाकायच्या कशा?

जुनी दामदुप्पट इथे नोंदवतो. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही हा हिंदू कायद्यातला जुना दंडक, मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत. विक्रेत्याच्या मुलाला विचारलं, ‘व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबेल अशी सोय आहे का?’ त्याने वहीत लिहून घेतलं. स्पेलिंगही विचारलं.

*

शीटच्या चुकांच्या मोठ्या गोष्टी. इंग्लंडमध्ये 2020 च्या शरदात जवळपास 16 हजार कोरोनाबाधितांची नावं पुढे गेलीच नाहीत, कारण जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 ओळींनंतर जागा नसते. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. 2013 मध्ये एका विद्यार्थ्याने ते शीट मागवून घेतलं तेव्हा उघड झालं. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने तर 2020 मध्ये हातच टेकले: ‘मार्च-1’, ‘सेप्ट-1’ अशी नावं एक्सेल तारखा समजतं, म्हणून नावंच बदलली.

*

तारखा आमच्याकडेही. 05/04/2023 म्हणजे 5 एप्रिल की 4 मे? ज्या संगणकावर लिहिलं त्याच्या सेटिंगवर अवलंबून. ओळखायची खूण एकच: 12 च्या पुढचे दिवस असलेल्या तारखा चौकटीत डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या तर समजावं, हा संगणक अमेरिकेत आहे. त्याला तेरावा महिना सापडला नाही, म्हणून त्याने ती तारीख न मानता नुसता मजकूर मानली. डावीकडच्या निदान दिसतात. उजवीकडे शहाण्यासारख्या बसलेल्या, पण महिना-दिवस उलटे झालेल्या तारखा शोधायला पावतीपुस्तकं काढावी लागली.

*

नावांचं वेगळंच. जुनी शीटं श्रीलिपीत आणि सी-डॅकच्या जिस्ट फाँटांत. दोन्ही पुण्याचीच देणगी: श्रीलिपी मॉड्युलर इन्फोटेकची, आणि सी-डॅक 1988 पासून इथेच. त्या काळात यांच्यामुळेच मराठीत हिशेब करता आला. पण त्या फाँटांत अक्षरं पडद्यावर मराठी दिसतात आणि आत मात्र रोमन चिन्हं असतात. युनिकोड मागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की सभासदांची जागा ‘¸Öê‡’ असल्या चिन्हांचा ओघळ घेतो. बदलून देणारी साधनं आहेत, बरीचशी बरोबर बदलतातही. रफार तेवढे सुटतात. कुलकर्णी आणि कर्णिकांची नावं हाताने दुरुस्त केली, आणि मराठी नोकरदारांच्या संस्थेत कुलकर्णी किती असतात ते सांगायला नको.

*

रंग. शीटमध्ये पिवळी ओळ म्हणजे फोन झालाय. गुलाबी म्हणजे जामीनदाराला कळवलंय. फिकट निळी म्हणजे ‘काही बोलू नका, घरात अडचण आहे’. हे कुठे लिहिलेलं नाही, ताईंच्या डोक्यात आहे. डेटा चढवताना रंग येत नाहीत. विक्रेत्याच्या मुलाने शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, कलर इज नॉट डेटा.’

ताई त्या दिवशी त्याच्याशी फारसं बोलल्या नाहीत.

आणि ‘शेरा’ नावाचा शेवटचा रकाना. तो मी सलग वाचून काढला. ‘मुलगी बाळंतपणाला आली आहे, दिवाळीनंतर दोन हप्ते एकदम.’ ‘बदली शिरूर, फोन लागत नाही, भावाकडे निरोप.’ ‘साहेबांशी बोलणे झाले.’ (कोणते साहेब?) ‘भरतील.’ नुसतं ‘भरतील’, आणि खरंच, पुढच्या महिन्यापासून भरलेले. बँकेत असताना आम्ही कर्जदाराची पत मोजायला गुणांकांचे तक्ते भरायचो. त्या तक्त्यांत या एका ‘भरतील’इतकी माहिती क्वचित असायची. दुसरी बाजूही आहे: ‘भरतील’ हा शेरा कुणाला मिळतो आणि कुणाला लगेच नोटीस जाते, यात ओळखीपाळखीचा वाटा असतोच. एका ओळीला वर्षभर निळा रंग आणि शेजारच्या तशाच ओळीला दुसऱ्या महिन्यात वसुलीचं पत्र, हेही त्याच शीटमध्ये दिसतं.

सॉफ्टवेअरमध्ये ‘रिमार्क’ची चौकट आहे, शंभर अक्षरांची. मी आग्रह धरला की जुने शेरे कापू नयेत, प्रत्येक खात्याला कागदपत्र म्हणून जोडावेत. मंडळाने मानलं. निळ्या रंगासाठी आता मुदतवाढीचा रीतसर अर्ज आणि मंडळाची मंजुरी. ताईंचं म्हणणं, ज्याच्या घरात तशी अडचण असते तो अर्ज लिहायला येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

*

2020 च्या एप्रिल ते ऑगस्टचे रकाने शीटमध्ये लपवलेले होते. रिझर्व्ह बँकेने बँकांना मार्चपासून आधी तीन आणि मग आणखी तीन महिने हप्ते थांबवायला मुभा दिली होती. संस्थेनेही सभासदांना तशीच सवलत दिली. पण त्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवायचं, वेगळं ठेवायचं की सोडायचं, ते प्रत्येक खात्यात निराळं. बँकांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 23 मार्च 2021 ला निकाल आला: त्या काळात व्याजावर व्याज नको. आमच्याकडे रकाने लपवून काम भागलं. सॉफ्टवेअरला लपवलेला महिना चालत नाही. ताईंनी पाच रकाने उघडले आणि दुपारभर कुणी चहाला उठलं नाही.

*

पगारातून कपात हा पगारदार संस्थांचा कणा. सहकार कायद्याचं कलम 49: सभासदाने करार करून दिला की मालकाने हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरायचा. यात दोन तारखा असतात. पगार कापला ती एक, पैसे संस्थेच्या बँकखात्यात आले ती दुसरी, कधी तीन-तीन आठवडे नंतरची. शीटमध्ये महिना हीच तारीख, त्यामुळे प्रश्न उठायचा नाही. रोजच्या बाकीवर व्याज धरलं की उठतो: मधल्या दिवसांचं व्याज कुणाच्या माथी? सभासदाचे पैसे तर केव्हाच गेलेत. ठरलं ते बरोबर ठरलं: सभासदाला जमा कापल्याच्या तारखेने, आणि मधल्या काळात ती रक्कम ‘मालकाकडून येणे’ या खात्यात. शीटमध्ये असं खातंच नव्हतं. ते उघडल्यावर त्यात किती रक्कम पडून असते ते मंडळाला पहिल्यांदाच दिसलं.

नोकरी सोडलेले, निवृत्त झालेले सभासद यूपीआयने भरतात आणि ताईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकतात. खाली ‘पेड ताई’ आणि हात जोडल्याचं चित्र. संस्थेच्या बँकखात्यात नाव येतं सुनेचं, कारण फोन सुनेचा.

*

सॉफ्टवेअर आलं म्हणजे लबाडी गेली, असं विक्रेते सुचवतात. पीएमसी बँकेचं उदाहरण त्यांना सांगावं. 2019 मध्ये बाहेर आलं की एचडीआयएलशी संबंधित 44 कर्जखाती झाकायला 21,049 बनावट खाती दाखवली होती. बँकेत कोअर बँकिंग होतं. बँकेच्याच तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलं त्याप्रमाणे ती खाती त्या प्रणालीत उघडलीच नव्हती; तपासणीसाठी द्यायच्या कर्जयादीत तेवढी घुसवली होती. प्रणाली आपल्या जागी, यादी वेगळी. म्हणून ऑडिटरला यादी छापून किंवा एक्सेलमध्ये न देता त्याला स्वतः लॉगिन करून बघू द्यावं, असं मी नानांना सुचवलंय.

आणि आपल्याच पुण्यातल्या, 1906 पासूनच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटी रुपये दोनतीन दिवसांत गेले, तेव्हा कुणी वहीत खाडाखोड केली नव्हती. इतक्या जुन्या, मोठ्या बँकेचं हे, तर आमच्या ताईंचा पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहिलेला आहे.

नोंद करणारा एक आणि तपासून मान्य करणारा दुसरा, हा नियम सॉफ्टवेअर लावतं. कार्यालयात माणूस एकच. दुसरं लॉगिन नानांच्या नावाचं, पासवर्ड ताईंकडे. या सगळ्या कामात मला सर्वांत वाईट वाटलेली बाब ही. मग ठरलं की नाना रोज संध्याकाळी घरून मोबाइलवर नोंदी बघून मान्य करतील. नाना हिंगणे होम कॉलनीत राहतात, फार लांब नाही, पण राजाराम पुलाकडची गर्दी बघता घरूनच बरं.

*

हिंगणे म्हटलं की कर्वे आठवणारच. 1891 ते 1914 फर्ग्युसनात गणित शिकवणारा हा माणूस लोकांच्या पैशाच्या बाबतीत भलता काटेकोर. आपल्या मुरुड गावच्या लोकांनी मिळकतीतला ठरावीक अंश गावासाठी बाजूला काढावा म्हणून मुरुड फंड काढला. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत, खेड्यातल्या शाळांसाठी पुन्हा लहान लहान वर्गण्या मागत फिरले. आमच्या संस्थेत त्यांचा फोटो आहे, हार वर्षातून एकदा बदलतो. मार्चअखेरीच्या एप्रिलमधल्या जमा त्या फोटोखालीच व्हायच्या.

*

केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटींची मंजुरी दिली. सगळ्यांना एकाच नमुन्याचं सॉफ्टवेअर, राबवणार नाबार्ड. पगारदारांच्या संस्था त्यात बसत नाहीत. त्यांनी आपापलं बघायचं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नये. हा विचारावा: उद्या तुमच्याशी करार संपला तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, आणि फुकट का? उत्तर आलं: ‘एक्सेलमध्ये देऊ ना, सर.’

थकबाकीदारावर कलम 101 खाली वसुली दाखला मागायचा तर निबंधकांपुढे खातेउतारा लागतो. 1 जुलै 2024 पासून साक्षीपुराव्याचा नवा कायदा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर त्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ‘कर्ज मार्च फायनल ताई’ या फाइलीला ते प्रमाणपत्र कोण देणार होतं?

*

काही महिने दोन्ही चालू ठेवणार. महिनाअखेर शीटची बाकी आणि सॉफ्टवेअरची बाकी, फरकाची यादी. बहुतेक फरक पैशांचे. काही मोठे, आणि त्यांतले बरेच शीटने सभासदाकडून जास्त घेतल्याचे. परत करायचे की पुढच्या हप्त्यात वळते करायचे? परत, असं मी म्हटलं. ताईंनीही म्हटलं.

*

आज जामीनदार चढवले. शीटमध्ये जामीनदार म्हणजे एका चौकटीत लिहिलेली दोन नावं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जामीनदार हा सभासद क्रमांक, त्यामुळे कोण कुणाला जामीन आहे ते पडद्यावर उमटतं. उमटलं ते असं: एकाच विभागातले तिघं, पहिला दुसऱ्याला जामीन, दुसरा तिसऱ्याला, तिसरा पहिल्याला. तिघांचीही कर्जं चालू. तिघंही निवृत्तीच्या जवळ. शिवाय एक गृहस्थ नऊ जणांना जामीन आहेत. पोटनियमाप्रमाणे दोघांपेक्षा जास्त जणांना राहता येत नाही. ताई म्हणाल्या, ‘ते कुणाला नाही म्हणत नाहीत हो.’ त्यांच्या सह्या खऱ्या आहेत, कर्जंही नियमित आहेत, एकही थकलेलं नाही.

शनिवारी मंडळाची बैठक. विषय क्रमांक तीन: जामीनदार बदलून घेणे. नऊ कर्जदारांना पत्रं मराठीत, युनिकोडमध्ये छापून ठेवली आहेत. त्या गृहस्थांना पत्र नको, नाना स्वतः भेटून सांगणार आहेत.